बाळंतिणीला सव्वा महिना, मग छाती उघडलेल्या बाईला का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत हृदयविकारावर नेहमी काही ना काही येत असतं. तेल कुठलं वापरावं, रोज किती चालावं, कोलेस्टेरॉल किती असावं. हे सगळं ऑपरेशन टाळण्यासाठी. ज्यांचं टळलं नाही त्यांनी घरी आल्यावर पहिले दीड-दोन महिने कसे काढायचे, यावर एक ओळही वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, मला ठाऊक आहे. कापायचं तर माझी कहाणी कापा, पण काय उचलायचं नाही आणि कधी दवाखाना गाठायचा, तेवढं ठेवा.

मी सोलापुरात बाळीवेस भागात राहते. वय ५९. गिरणी बंद पडल्यापासून मालक, म्हणजे माझे यजमान, घरीच असतात, मुलगा युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग करतो आणि मी कडक भाकरी न् शेंगाची चटणी करून विकते. यंदा संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सरता सरता माझी बायपास झाली. त्याआधी कितीतरी दिवस जिना चढताना दम लागायचा, पाठीत आणि जबड्यात दुखायचं. घरात सगळे पित्त म्हणत होते. बायकांना कधीकधी छातीत कळ न येता असंच काहीतरी होतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत आपलं सोलापूर होतं. त्या योजनेनं माझ्यासारख्या केशरी कार्डवाल्यांवर उपकारच केलेत. डॉक्टरांबद्दल, सिस्टरांबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं सुट्टी मिळाली तिथून पुढचं आहे.

सुट्टी देताना हातात फाईल दिली, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं. कार्डावर लिहिलेलं होतं की जड कामं टाळा, विश्रांती घ्या, सहा आठवड्यांनी दाखवा. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला एवढं पुरत असेल. मला नाही पुरलं. भाकरी थापणं जड काम आहे का? कुकरचं झाकण काढणं? तीन वर्षांचा नातू पळत येऊन अंगावर चढतो, त्याचं काय? हे कार्डावर नव्हतं, आणि विचारायला गेलं तर पुढचा पेशंट उभा.

शेवटी फिजिओथेरपीच्या एका मुलीला मी खोदखोदून विचारलं. तिनं सांगितलं ते असं. छातीच्या मधोमध जे उभं हाड असतं ते करवतीनं वरपासून खालपर्यंत कापतात. आतलं काम झालं की दोन्ही भाग जुळवून स्टीलच्या तारांनी बांधतात. तारा आतच राहतात, काढायच्या नसतात. वरची जखम दोन-तीन आठवड्यांत वाळते, म्हणून बघणाऱ्याला वाटतं बाई बरी झाली. हाड मात्र सांधायला सहा ते आठ आठवडे घेतं आणि पूर्ण पक्कं व्हायला तीन महिने तरी लागतात. हात मोडला तर प्लास्टर घालून गळ्यात अडकवतात, रस्त्यावरचा माणूसही थांबून विचारतो. छातीला प्लास्टर घालता येत नाही, कारण श्वास घ्यायचा असतो. त्यामुळं हाड मोडलंय हे कुणाला दिसत नाही.

पायाचं तर कुणी बोलतच नाही. हृदयाला नवी वाट करून द्यायला बहुतेकदा पायातली नस काढतात. माझ्या घोट्यापासून मांडीपर्यंत टाके होते आणि खरं सांगते, छातीपेक्षा पायच जास्त ठणकला. बसलं की पाय उशीवर वर ठेवायचा, एकावर एक टाकायचा नाही. मांडी घालून चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बाईला खुर्चीवर पाय लांब करून बसायला लावलं म्हणजे तिला वाटतं आपण पाहुणेच आहोत आपल्या घरात.

आता उचलायचं. त्या मुलीनं मला दोन-अडीच किलोची मर्यादा सांगितली होती. मी सुनेला म्हटलं, काटा काढ. आमच्याकडं पिठाचा काटा आहेच. घरातली एकेक वस्तू वजन करून पाहिली. दुधाचं भरलेलं पातेलं उचलायचं नाही. वरण-भाताचा पाच लिटरचा कुकर तर दुप्पट निघाला. पाण्याची कळशी दहा किलोच्या घरात, बादली त्याहून जास्त. गॅसच्या टाकीत नुसता गॅसच १४.२ किलो असतो, वर लोखंड तेवढंच. ती रिकामी असली तरी सरकवायचीसुद्धा नाही. नातू तेरा किलो. त्याला शेजारी बसवून घ्यायचं, मांडीवर ओढायचं नाही. तो रुसला. त्याला समजावता आलं, मोठ्यांना समजावणं अवघड गेलं.

पण नुसतं वजन बघून भागत नाही. रेटणं आणि ओढणं हे उचलण्याइतकंच वाईट. ज्वारीचं पीठ मळताना अंगाचा भार तळहातावर येतो आणि तो सरळ छातीच्या हाडावर जातो. भाकरी थापतानाही तेच. उखळात चटणी कुटणं तर विचारूच नका. फरशी पुसणं, झाडू मारणं, पिळे पिळणं, वाळत घालायला हात उंच ताणणं, घट्ट खिडकीची कडी, बरणीचं फिरकीचं झाकण, मिक्सरच्या भांड्याचं अडकलेलं झाकण. यातल्या एकाही गोष्टीचं वजन अडीच किलो नाही, आणि यातली एकही करायची नाही. हे कार्डावर छापायला किती शाई लागली असती?

उठण्याची रीत वेगळी शिकावी लागते. पलंगाच्या काठाला धरून किंवा कुणीतरी हात ओढून उठवायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, गुडघे वाकवून पाय खाली सोडायचे, पायांच्या वजनानं अंग वर येतं. आमच्या नणंदबाईंनी प्रेमानं पलंगाला चादर बांधून दिली होती, धरून उठायला. मी ती सोडायला लावली, तर त्यांना राग आला. आमच्या जुन्या घरात संडास खाली बसायचा आहे. खाली बसून हात न टेकता उठणं पहिल्या आठवड्यांत जमत नाही, तेव्हा कमोडची खुर्ची आणा, भाड्यानंही मिळते. ही खुर्ची ऑपरेशनच्या आधी घरात आलेली असावी. त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं आणि कुंथायचं नाही असं बजावलेलं असतं. यावर लाजून कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. डॉक्टरांकडून पोट साफ होण्याचं हलकं औषध मागून घ्या.

खोकला आला की जीव जातो. तेव्हा टॉवेलची घट्ट गुंडाळी करून दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरायची आणि मग खोकायचं. अख्ख्या देशाला टॉवेल पुरवणाऱ्या गावात या उपायाला काही कमी नाही. माझा टॉवेल उशाशीच असायचा. आणि ते श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोळे असलेलं यंत्र. आमच्या वॉर्डात निम्मे लोक त्यात फुंकत होते. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, हळूहळू, गोळे वर येतील असा, आणि क्षणभर धरायचा. फुप्फुसाचा खालचा भाग ऑपरेशननंतर मिटल्यासारखा राहतो, तो उघडायला हे असतं. नाहीतर कफ साचून न्यूमोनिया होतो. घरी आल्यावर ते खेळण्यांत जाऊ देऊ नका. आमच्याकडं गेलंच होतं, नातवानं शोधून दिलं.

सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याचा दिवस म्हणजे घरातल्या घरात यात्रा. उजनी धरणावरून आणायच्या समांतर जलवाहिनीबद्दल आपण पुष्कळ छापलंय, त्यात मी भर घालत नाही. मला एवढंच सांगायचंय की छाती उघडलेल्या बाईला सगळ्यांत मोठा धोका त्या दिवशी असतो. नळ सुरू झाल्याचा आवाज आला की तिचे हात आपोआप कळशीकडं जातात, कुणी सांगावं लागत नाही. आमच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई होती, पूर्व भागातली, विड्या वळणारी. घरी गेल्यावर सून कामाला गेली, मुलगा कामाला गेला, पाणी आलं. तिनं हंडा उचलला. दोन दिवसांनी कूस बदलली की छातीत कट्ट आवाज यायला लागला. परत भरती, परत टाके. तिचा फोन आला तेव्हा ती मला म्हणाली, "अक्का, पाणी जायालतं की ओ, मी काय करू?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या घरी निदान मालक होते. ते आयुष्यात पहिल्यांदा पाणी भरायला लागले आणि आता गल्लीतल्या बायकांना पाणी कसं भरावं ते शिकवतात.

बायकांचं आणखी काही आहे, जे पुरुष डॉक्टरला विचारता येत नाही आणि तोही सांगत नाही. स्तनांच्या वजनानं जखम दोन्हीकडून ओढली जाते. पुढून उघडणारी, मऊ सुती, आधार देणारी बॉडी दिवस-रात्र घालावी लागते. जखमेचं खालचं टोक घामानं ओलं राहतं, तिथं कोरडा स्वच्छ कपडा लागतो. पावडर, हळद, तेल काही लावायचं नाही. हुक मागं असले की हात मागं न्यावे लागतात, तेही नको. वेणी मी सुनेकडून घालून घेतली. मंगळसूत्र जखमेवर घासतं म्हणून काढून ठेवलं, तर भेटायला आलेल्या एकीनं माझ्यासमोर मालकांकडं बघून म्हटलं, "गळा मोकळा बरा दिसत नाही हो." मालक म्हणाले, "मी जिवंत आहे ते तिला माहीत आहे." उत्तर बरं होतं, पण ते मला द्यायचं होतं.

भेटायला येणाऱ्यांचंही सांगते. माणसं येतात ती मायेनं येतात. मंगळवेढ्याकडचे पाहुणे हुरडा घेऊन आले, अक्कलकोटची बहीण प्रसाद घेऊन आली. पण सकाळपासून रात्रीपर्यंत रांग, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, जखम दाखव म्हणायचं, आणि चहा. चहा कोण करणार? सून दमली की मी उठणार, हे ठरलेलं. सर्दी-खोकला असलेल्यांनी तर येऊच नये. ज्यांना यायचंच आहे त्यांनी पाण्याच्या दिवशी यावं आणि दोन कळशा भरून जावं. खरंच सांगते, याच्यासारखी भेट नाही.

मनाचं मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर रात्री झोप लागायची नाही, उताणं झोपायची सवय नाही. लागली तर भलतीच स्वप्नं पडायची. जेवणाला चव नाही. मी केलेली चटणी मलाच मातीसारखी लागायची. आणि रडू. कारण नाही काही नाही, ताट पुढं आलं की रडू. "रडालीस कशाला, देवानं वाचवलं की," असं सगळे म्हणायचे, त्यानं अजून रडू यायचं. पुढं तपासणीला गेल्यावर डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशननंतर असं खूप जणांना होतं, काही आठवड्यांत ओसरतं; नाही ओसरलं तर आम्हाला सांगा, त्यावरही औषध आहे. हेच वाक्य सुट्टीच्या दिवशी सांगितलं असतं तर मालकांनी माझ्यावरून लिंबू उतरवलं नसतं.

घरच्यांनी कधी धावायचं, तेही लिहिते. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते अंगाला लागलेलं नसतं, अंगात पाणी साठलेलं असतं. दवाखान्यात फोन करायचा. दोन्ही पाय सुजले, आडवं पडलं की दम लागला, जखम लाल झाली, पू आला, ताप १०१ च्या वर गेला, हाडातून कट्ट आवाज आला, छातीची धडधड वेडीवाकडी झाली, तरी तेच. धडधड बिघडणं पहिल्या दिवसांत पुष्कळांना होतं म्हणे, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. छातीत दाबल्यासारखं झालं, बोलणं किंवा तोंड वाकडं झालं तर फोन करत बसू नका, थेट १०८. साखर असलेल्यांची जखम उशिरा भरते, त्यांनी साखर रोज बघावी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. आमच्या चटणीत किती मीठ पडतं ते मी विकणारी असून इथं लिहिते, म्हणजे समजून घ्या.

गोळ्यांचं फार महत्त्वाचं आहे. योजनेतून सुट्टीनंतर १० दिवसांची औषधं मिळतात. पुढची आपली आपण. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, ही बहुतेकांना जन्मभर घ्यायची असते. बरं वाटायला लागलं की लोक आधी तीच बंद करतात, कारण महिन्याचा खर्च दिसतो. जन औषधीच्या दुकानात तीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना विचारून तिथून घ्या, पण बंद करू नका, दात काढायचा असला तरी परस्पर नाही.

चालायचं मात्र पहिल्या दिवसापासून. आधी घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग थोडं पुढं. चालता चालता बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग. आता उन्हं तापलीत, तेव्हा सकाळी सातच्या आत घरात. बीपीच्या गोळ्या आणि सोलापूरचं ऊन एकत्र आले की चक्कर येते. मी सिद्धेश्वर तलावापर्यंत जाऊ लागले आहे. रिक्षानं लांब जायचं म्हटलं तर आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा हाडाला कळतो; छातीशी तोच टॉवेल धरून बसते. दुचाकीच्या मागंसुद्धा दीड-दोन महिने बसायचं नाही. आणि मिरवणुकांचे डॉल्बी. घराच्या खिडक्या थरथरतात तेव्हा नव्यानं बांधलेली छाती थरथरते. ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा.

आता माझी मागणी. बाळंतीण घरी आली की सव्वा महिना तिला कुणी काडी उचलू देत नाही. काय खायचं, कसं झोपायचं, कुणी यायचं, कुणी नाही, हे आमच्या घरातल्या आठ वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. बाळासाठी आशाताई घरी येते, ४२ दिवसांत सहा वेळा, तिसऱ्या दिवसापासून. छाती कापून बांधलेल्या बाईला लागणारे दिवस जवळपास तेवढेच आहेत, आणि तिसऱ्या आठवड्यात तिला घरचे विचारतात, अजून किती दिवस? पुरुषाला असं विचारत नाहीत. माझ्याच वॉर्डातले पुरुष दोन-दोन महिने खाटेवर बसून हातात चहा घेत होते, आणि त्यांनी ते करावंच, त्याबद्दल वाद नाही.

तेव्हा महापालिकेच्या आरोग्य खात्यानं हृदयाच्या ऑपरेशनहून आलेल्या पेशंटच्या घरी, निदान त्यातल्या बायकांच्या घरी, आशाताईला एक-दोनदा पाठवावं. वजनाची वही बघितली, जखम बघितली, सासू-नवऱ्यासमोर चार गोष्टी सांगितल्या तरी पुरे. आशाताई सांगते ते घरात ऐकतात, सून सांगते ते ऐकत नाहीत. त्या ताईंना त्याचे पैसे मिळावेत, फुकट काम त्यांच्याकडं आधीच पुष्कळ आहे. आणि रुग्णालयांत योजनेच्या टेबलावर जे आरोग्यमित्र बसतात, त्यांनी सुट्टीच्या कागदांसोबत एक पान द्यावं, मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये. त्यात किलो लिहू नयेत. हंडा, कळशी, कुकर, टाकी, परात, नातवंड असं लिहावं.

ते पान मी लिहून ठेवलंय. तेलुगू पूर्व भागातली ती विडी वळणारी मैत्रीण सांगणार आहे, तिची मुलगी लिहून घेईल. कन्नड माझी अक्कलकोटची बहीण बघते. आपण छापणार असाल तर सून टाइप करून पाठवेल. मला अजून टेबलावर वाकून फार वेळ लिहिता येत नाही, हे पत्रही तिनंच लिहून घेतलंय आणि दोन ठिकाणी माझ्याशी भांडून वाक्यं बदलली आहेत.

कळावे,
एक भाकरीवाली,
बाळीवेस, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र दिला आहे. ऑर्डरीसाठी कृपया एवढ्यात फोन करू नये. चटणी सून करते, भाकरीला अजून महिना आहे.)